गोळ्या नेमक्या किती दिवसांच्या मिळतात? ईएसआय, आयुष्मान आणि मेडिक्लेममधली औषधांची मर्यादा

नववीतला एक मुलगा महिन्यातून दोन दिवस ठरल्यासारखा गैरहजर राहायचा. विचारलं तर म्हणाला, "सर, दादीच्या गोळ्या आणायला जातो." वडील चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार, शिफ्ट बदलती. आईला घर आणि लहान पोरं सोडून निघता येत नाही. दादीला शुगर आणि बीपी. ईएसआयच्या दवाखान्यातून गोळ्या मिळायच्या पंधरा दिवसांच्या, म्हणून दर पंधरा दिवसांनी आळंदीतून बस पकडून रांगेत उभं राहायचं काम पोराकडे आलं होतं. घरच्यांची समजूत अशी की, "विम्यात एवढ्याच मिळतात."

आम्ही चिठ्ठी पाहिली. वर्षभरापूर्वी दादीची शुगर फार वाढलेली असताना डॉक्टरांनी "१५ दिवसांनी दाखवा" असं लिहून तेवढ्याच गोळ्या लिहिल्या होत्या. पुढे शुगर आटोक्यात आली, पण दर वेळी मागचीच चिठ्ठी पुढे सरकत राहिली. दादी स्वतः कधी डॉक्टरांसमोर गेल्याच नाहीत. एकदा त्यांना नेऊन तपासून घेतल्यावर डॉक्टरांनी ३० दिवसांचं लिहून दिलं. म्हणजे ती मर्यादा विम्याची नव्हतीच.

आळंदी, मोशी, भोसरी, चाकण या पट्ट्यात आपल्या बऱ्याच घरांत दोन-तीन कार्डं असतात: कामगाराचं ईएसआय, घरातल्या वडीलधाऱ्यांचं आयुष्मान, एखाद्या पर्मनंट झालेल्या मुलाचा कंपनीचा मेडिक्लेम. प्रत्येक ठिकाणी औषधांचे दिवस वेगळ्या पद्धतीने मोजले जातात. कुठे काय मिळतं ते एकत्र लिहून ठेवावं म्हणून हा लेख.

गोळ्या कमी का मिळाल्या?

खिडकीवर कमी गोळ्या हातात पडल्या की तीन कारणं असू शकतात, आणि तिन्हींवरचा इलाज वेगळा आहे.

पहिलं कारण डॉक्टरांचं. डोस बदलायचा असेल, औषध नवीन असेल, रक्त तपासून पुढचं ठरवायचं असेल तर डॉक्टर मुद्दाम थोड्या दिवसांचं लिहितात. हे योग्यच आहे. नवीन बीपीच्या गोळीने चक्कर येते की नाही हे कळण्याआधी तीन महिन्यांचा साठा घरात आणून उपयोग काय? पण तब्येत स्थिर झाल्यावर "डॉक्टरसाहेब, आता महिन्याचं लिहाल का?" हे विचारायचं काम आपलं. आपल्याकडे डॉक्टरांना विचारायला लोक संकोचतात, त्यात बायका जास्त. विचारल्यावर डॉक्टर रागावतील ही भीती बहुतेक वेळा खोटी ठरते, असा आमचा अनुभव आहे.

दुसरं कारण साठ्याचं. चिठ्ठीवर ३० दिवस असतात, पण खिडकीवरचा माणूस म्हणतो, "सध्या दहाच दिवसांच्या घ्या, माल आलेला नाही." हा नियम नव्हे, टंचाई आहे.

तिसरं कारण खऱ्या अर्थाने विम्याचं: योजनेच्या अटींमध्येच दिवसांची किंवा रकमेची मर्यादा लिहिलेली असते. इथे डॉक्टर किंवा खिडकीवरच्या माणसाशी वाद घालून काही होत नाही. उरलेलं औषध कुठून आणायचं याची सोय आधीच करावी लागते.

म्हणून पहिला प्रश्न हाच विचारावा: कमी गोळ्या कोणी दिल्या? चिठ्ठीने, कपाटाने की योजनेने?

चिठ्ठीचा कायदा काय सांगतो

औषधविक्रीचे नियम १९४५ चे आहेत आणि त्यातला ६५ वा नियम प्रत्येक मेडिकलवाल्याला लागू आहे. त्यानुसार चिठ्ठीवर डॉक्टरांची सही आणि तारीख हवी, रुग्णाचं नाव-पत्ता हवा, औषध कसं घ्यायचं ते हवं आणि एकूण किती औषध द्यायचं तेही हवं. हा शेवटचा मुद्दा आपल्याकडच्या निम्म्या चिठ्ठ्यांवर नसतो! "१-०-१" एवढंच लिहिलेलं असतं. किती दिवस ते नाहीच.

याच नियमात असंही आहे की शेड्यूल एचमधलं औषध एका चिठ्ठीवर एकदाच द्यायचं. पुन्हा द्यायचं असेल तर डॉक्टरांनी चिठ्ठीवर तसं लिहिलेलं पाहिजे, आणि किती वेळा किंवा किती दिवसांनी हे लिहिलं असेल तर त्याप्रमाणेच द्यायचं. औषध दिल्यावर दुकानाचं नाव, पत्ता आणि तारीख चिठ्ठीवर नोंदवायची. शुगर, बीपी, हृदयविकाराच्या बहुतेक गोळ्या या शेड्यूलमध्ये येतात. व्यवहारात गल्लीतला मेडिकलवाला जुन्या चिठ्ठीवर, कधी नुसत्या रिकाम्या पत्तीवरही गोळ्या देतो. पण विम्याच्या क्लेममध्ये अशी बिलं अडकतात, कारण बिलाच्या तारखेला चालू असलेली चिठ्ठी जोडायला नसते.

काही अँटिबायोटिक, टीबीची औषधं, झोपेच्या काही गोळ्या शेड्यूल एच-१ मध्ये आहेत. १ मार्च २०१४ पासून त्यांची वेगळी नोंदवही दुकानदाराला ठेवावी लागते आणि ती तीन वर्षं जपावी लागते. तिथे "जरा जास्त द्या" म्हणून आग्रह धरू नये.

डॉक्टरांकडून लिहून घ्यायचं ते असं: औषधाचं जेनेरिक नाव, ताकद, दिवसातून किती वेळा, किती दिवस, एकूण किती गोळ्या, आणि तब्येत स्थिर असेल तर "आणखी दोन वेळा द्यावे". एवढं असलं की निम्मे वाद खिडकीवर होतच नाहीत.

ईएसआय: खर्चाला मर्यादा नाही, पण फेऱ्या आहेत

राज्य कामगार विमा योजना १९४८ च्या कायद्याने आली आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली. आज मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत असलेला कामगार तिच्यात येतो (अपंग कामगारासाठी ही मर्यादा २५,०००). जुलै २०१९ पासून कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. पगाराच्या पावतीवर ही कपात दिसत असेल तर ठेकेदार काहीही म्हणो, उपचार हा तुमचा हक्क आहे.

यात कामगार, त्याची बायको, मुलं आणि अवलंबून असलेले आई-वडील येतात. आई-वडिलांचं सगळं मिळून उत्पन्न महिना ९,००० रुपयांपेक्षा जास्त नसावं. आपल्या घरांत अनेकदा आई-वडिलांची नावं पहेचान कार्डात टाकलेलीच नसतात, आणि मग अब्बांच्या हृदयाच्या गोळ्या दर महिन्याला खिशातून घेतल्या जातात. नावं ऑनलाइन भरता येतात. कंपनीच्या एचआरला किंवा ठेकेदाराच्या कारकुनाला गाठून ते काम करून घ्यावं.

ईएसआयमध्ये औषधाच्या खर्चावर रुपयांची कमाल मर्यादा नाही. मेडिक्लेमपेक्षा ही योजना इथे फार वरचढ आहे. मर्यादा असते ती एका वेळी किती दिवसांचं औषध हातात द्यायचं याची. या पट्ट्यात आम्ही पाहिलंय ते असं: ताप-खोकल्याला तीन ते पाच दिवसांचं, कायमच्या आजाराला पंधरा दिवस ते महिनाभराचं. तज्ज्ञ डॉक्टरांनी चिंचवडच्या मोहननगरमधल्या ईएसआय रुग्णालयात औषध लिहून दिलं तरी पुढचा महिन्या-महिन्याचा पुरवठा साधारणपणे आपल्या नेमलेल्या दवाखान्यातून घ्यायचा असतो. आळंदीच्या माणसाला हे माहीत नसलं की दर वेळी थेट मोहननगर गाठतो आणि "आधी दवाखान्यात जा" ऐकून परत येतो. अर्ध्या दिवसाचा खाडा, वर भाडं.

साठा नसेल तर दवाखान्याला बाहेरच्या ठरलेल्या दुकानातून खरेदी करून देण्याची सोय असते, तिला "लोकल पर्चेस" म्हणतात. ती मागावी लागते, कोणी आपणहून सांगत नाही. तेही जमलं नाही आणि औषध तातडीचं असेल, तर बाहेरून विकत घेण्याआधी चिठ्ठीवर "उपलब्ध नाही" असा शेरा, सही आणि तारीख घ्यावी. त्याशिवाय पैसे परत मागायला तोंड राहत नाही. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत ईएसआय महामंडळाने विमाधारकांना खासगी दुकानातून औषधं घेऊन नंतर पैसे परत मागण्याची मुभा दिली होती. खिडकीचे नियम बदलता येतात, हे त्यातून दिसलं. ऑस्ट्रेलियाने सप्टेंबर २०२३ पासून कायमच्या आजाराच्या ठरावीक औषधांसाठी एका वेळी ३० ऐवजी ६० दिवसांचा पुरवठा सुरू केला. आपल्या कामगार संघटना बोनस आणि पगारवाढ मागतात, ते बरोबरच आहे. पण स्थिर रुग्णाला दोन महिन्यांचं औषध द्या ही मागणी त्यांच्या यादीत आम्हाला अजून दिसली नाही. खाड्याचा हिशोब केला तर ही मागणी पगारवाढीचीच आहे.

नोकरी सुटली तर गोळ्या बंद?

या पट्ट्यात हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, कारण ठेकेदार बदलतो, ब्रेक देतो, सहा महिन्यांनी घरी बसवतो. उत्तर आहे: लगेच बंद होत नाहीत.

ईएसआयचे वर्षात दोन वर्गणी काळ असतात: १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. पहिल्याचा लाभ काळ पुढच्या १ जानेवारी ते ३० जून, दुसऱ्याचा त्याच वर्षाच्या १ जुलै ते ३१ डिसेंबर. एका वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरली गेली असेल तर त्याला जोडलेला लाभ काळ संपेपर्यंत औषधोपचार मिळतो. उदाहरण घ्या. एखाद्याने एप्रिल ते ऑगस्ट काम केलं, दिवस ७८ च्या वर भरले आणि सप्टेंबरात काम सुटलं. त्याला आणि कुटुंबाला पुढच्या ३० जूनपर्यंत दवाखाना चालू राहतो. दवाखान्यात "कार्ड बंद झालं असेल" असं कोणी तोंडी सांगितलं तर संगणकावर पात्रता तपासायला सांगा, आणि वर्गणी किती दिवसांची जमा आहे ते आपल्या विमा क्रमांकाने स्वतःही पाहून ठेवा.

पगार वाढून २१,००० च्या वर गेला तरी चालू वर्गणी काळ संपेपर्यंत कपात आणि संरक्षण सुरूच राहतं. त्यानंतर मात्र कंपनीचा मेडिक्लेम आहे का हे विचारायचं, आणि तिथे चित्र एकदम बदलतं. निवृत्त कामगाराने किमान ५ वर्षं विमाधारक म्हणून काढली असतील तर वर्षाला १२० रुपये भरून नवरा-बायको दोघांना उपचार चालू ठेवता येतात. महिन्याला दहा रुपये! ही सोय माहीत नसल्यामुळे किती निवृत्त माणसं गोळ्यांवर पेन्शन घालवतात.

मेडिक्लेम आणि आयुष्मान: घड्याळ डिस्चार्जपासून चालतं

मेडिक्लेम घेतला म्हणजे रोजच्या गोळ्यांचा खर्च मिळणार, ही समजूत काढून टाकावी. साध्या पॉलिसीत ओपीडीची औषधं येत नाहीत. मिळतं ते रुग्णालयात दाखल होण्याच्या आधीच्या आणि नंतरच्या ठरावीक दिवसांचं. १ एप्रिल २०२० पासून सगळ्या कंपन्यांना विकावी लागलेली "आरोग्य संजीवनी" ही प्रमाणित पॉलिसी घ्या: दाखल होण्याआधीचे ३० दिवस आणि डिस्चार्जनंतरचे ६० दिवस, शिवाय क्लेमच्या रकमेतले ५ टक्के आपल्याला भरावे लागतात. इतर पॉलिसींत दिवस जास्तही असतात, म्हणून आपला कागद वाचावा. औषध त्याच आजाराचं हवं ज्यासाठी दाखल झालो होतो. अँजिओप्लास्टीसाठी दाखल झालेल्या अम्मींच्या थायरॉइडच्या गोळ्या त्यात बसणार नाहीत.

साठाव्या दिवशी जाऊन सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम घ्याव्यात, असा सल्ला काही हुशार लोक देतात. असा क्लेम कापला जाण्याचीच शक्यता जास्त. थायरॉइडसारख्या गोळ्या १०० किंवा १२० च्या बंद बाटलीतच येतात, तिथे जास्त गोळ्या घेण्याचं कारण तरी दाखवता येतं. एरवी चिठ्ठीवर लिहिलेत तेवढे दिवस, तेवढ्याच गोळ्या, बिलावर रुग्णाचं नाव, आणि दर महिन्याचं वेगळं बिल. नंतरच्या औषधांचा क्लेम वेगळा द्यायचा असतो, त्याची मुदत चुकली की सगळं फुकट जातं.

आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. राज्याच्या महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेतही आता तेवढंच संरक्षण आहे. पण या दोन्ही योजना रुग्णालयात दाखल होण्याच्या आहेत. आयुष्मानमध्ये डिस्चार्जनंतर १५ दिवसांपर्यंतची औषधं पॅकेजमध्ये येतात, फुले योजनेत १० दिवसांपर्यंतची. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या वरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मानचं वय वंदना कार्ड मिळतं. तेही रोजच्या गोळ्यांसाठी नाही.

हे आधीच माहीत असलेलं बरं, कारण खरा धोका सोळाव्या दिवशी असतो. हृदयात स्टेंट बसवलेल्या माणसाला रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या महिनोन् महिने लागतात. फुकट ऑपरेशन झालं, पंधरा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या, त्या संपल्या आणि "बरं वाटतंय" म्हणून पुढच्या घेतल्याच नाहीत, तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. फिटच्या औषधाचंही तसंच, दोन दिवस खंड पडला तरी झटका येऊ शकतो. डिस्चार्जच्या दिवशीच नर्सला विचारा: यातल्या कोणत्या गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत, आणि सोळाव्या दिवसापासून त्या कुठून घ्यायच्या?

त्याचं एक उत्तर आपल्या गावातच आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून सगळं मोफत आहे आणि आळंदीचं ग्रामीण रुग्णालय त्यात येतं. शुगर-बीपीची नेहमीची औषधं तिथे विचारावीत. महापालिकेची रुग्णालयं या निर्णयात नाहीत, हे लक्षात ठेवा. दुसरं उत्तर जनऔषधी केंद्राचं. तीच जेनेरिक गोळी तिथे ब्रँडच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळते. चिठ्ठीवर जेनेरिक नाव असावं असं वर म्हटलं ते यासाठीही.

इन्सुलिन बाटलीने नव्हे, युनिटने मोजा

यात बऱ्याच घरांची गल्लत होते म्हणून वेगळं लिहितो. दवाखान्यातून मिळणारी साध्या ह्यूमन इन्सुलिनची बाटली १० मिलिलिटरची आणि ४० ताकदीची असते, म्हणजे एका बाटलीत ४०० युनिट. रोज २० युनिट लागणाऱ्याला ती २० दिवस पुरते, महिनाभर नाही. "महिन्याची एक बाटली" मिळत असेल तर चिठ्ठीवर रोजचे युनिट आणि एकूण युनिट लिहून घ्या: २० युनिट, ३० दिवस, ६०० युनिट, म्हणजे दोन बाटल्या. उलट रोज १० युनिट घेणाऱ्याची बाटली हिशोबाने ४० दिवस जाते, पण उघडल्यावर साधारण चार आठवड्यांनी ती टाकून द्यायची असते. सिरिंज ४० ची, लाल टोपणाची घ्यावी. १०० ची नारिंगी टोपणाची वापरली तर डोस चुकतो.

रमजान, हज आणि आषाढीचा रस्ता

रमजानमध्ये तीन वेळच्या गोळ्या सहेरी आणि इफ्तार अशा दोन वेळांवर आणाव्या लागतात. ते स्वतःच्या मनाने करू नये, कारण शुगरच्या काही गोळ्यांनी रोज्यात साखर एकदम खाली जाते. शाबानमध्येच डॉक्टरांकडे जाऊन नवीन चिठ्ठी घ्यावी. डोस बदलला की गोळ्यांची संख्याही बदलते, आणि जुनी चिठ्ठी खिडकीवर दाखवली तर जुन्याच हिशोबाने गोळ्या मिळतील. नवीन चिठ्ठीवर रमजाननंतरचा डोसही वेगळा लिहून घ्या.

हज कमिटीतर्फे जाणाऱ्यांचा मुक्काम नेहमीच्या पद्धतीत सुमारे ४० दिवसांचा असतो. घरी निघण्याआधीचे आणि उशीर झालाच तर लागणारे मिळून १० दिवस वर धरा, म्हणजे ५० दिवस. रोज दोन गोळ्या घेणाऱ्याला १०० लागतील. दवाखाना ३० दिवसांच्या ६० देईल, उरलेल्या ४० ची सोय आपण करायची. आधी प्रवासाची कागदपत्रं दाखवून डॉक्टरांकडे जास्त दिवसांची लेखी मागणी करावी. नाही जमलं तर जनऔषधीतून घ्याव्यात. गोळ्या मूळ पत्तीतच ठेवायच्या, डबीत काढून नाही. सोबत जेनेरिक नावं असलेली इंग्रजी चिठ्ठी हवी. झोपेच्या आणि तीव्र वेदनाशामक गोळ्यांवर सौदीत कडक नियंत्रण आहे, त्यासाठी आधी परवानगी लागते. शेजाऱ्याने "तिकडे भावाला दे" म्हणून दिलेली औषधाची पिशवी तर घेऊच नये.

आणि आळंदीकरांसाठी एक खास गोष्ट. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी निघते तेव्हा, आणि कार्तिकी यात्रेच्या दिवसांत, चाकण, मोशी आणि देहू फाट्याकडून येणारे रस्ते वाहनांना बंद होतात किंवा वळवले जातात. वारकऱ्यांच्या गर्दीत दवाखान्याची फेरी होत नाही. त्या आठवड्यात गोळ्या संपणार असतील तर तारीख आधीच पुढे-मागे करून घ्यावी. आमच्या त्या विद्यार्थ्याच्या घरी आता कॅलेंडरवर गोळ्या संपण्याच्या पाच दिवस आधीच्या तारखेला लाल गोल केलेला असतो, आणि शक्यतो तो रविवारच्या आसपास किंवा वडिलांच्या सुट्टीला जोडून येईल असा.

तक्रार करायची असेल तर ईएसआयचा टोल फ्री क्रमांक १८००-११-२५२६. पुण्यात बिबवेवाडीच्या कार्यालयात दर महिन्याला "सुविधा समागम" नावाची तक्रार बैठक असते, तिथे चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स घेऊन जावं. फुले योजनेसाठी १५५३८८, आयुष्मानसाठी १४५५५. फोनवर बोलताना तक्रार क्रमांक मागून घ्या आणि तो औषधांच्या फाइलवरच लिहून ठेवा.